कार्डाला झालेले आजार

९ मार्च

ताई,

नमस्कार. आशीर्वाद दे किंवा देऊ नकोस, मी माझ्या बाजूने वाकले आहे.

फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तब्येतपाणी विचारून होतं न होतं तोच तू माझ्या मोडलेल्या संसाराचा विषय काढतेस, मग मी भावोजींचा काढते, आणि शेवटी दोघी भोकाड पसरतो. म्हणून कागद घेतला. कागदावर मला मध्येच कुणी तोडत नाही.

तुझी ठमी माझ्याजवळ आहे आणि ठणठणीत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. मी तिला फूस लावून इथे आणली असं तू सगळ्यांना सांगत असतेस, ते फिरत फिरत माझ्या कानावर येतंच. अगं, सव्वीस वर्षांच्या घोडीला कोण फूस लावणार? ती फिरायला म्हणून आली, राहायची मुदत संपली, आणि बाईसाहेब परत जायचं नाव काढेनात. मी म्हटलं, "ठमे, आईकडे जा." तर मला म्हणते, "मावशी, तू गेलीस?" आता यावर मी काय बोलू? माझी स्वतःची मुदत संपून किती वर्षं झाली हे आठवायलाही मला बसून विचार करावा लागतो. थोडक्यात, आम्ही दोघी इथे आहोत, पण इथल्या सरकारच्या लेखी नाही आहोत.

कामाला मी तिला माझ्याच लॉन्ड्रीत लावलं. हॉटेलांच्या चादरी येतात, त्या धुऊन, रोलरमधून काढून, घड्या घालायच्या. पहिल्या दिवशी तिने घातलेली घडी बघून मुकादम म्हणाला, ही चादर आहे का समोसा. आता माझ्याहून झटपट घालते. जेवते चांगली. गाल वर आलेत.

तू शेजारच्या वहिनींकडून निरोप पाठवलास, की तिथे पोरगी आजारी पडली तर कोण बघणार? प्रश्न बरोबर आहे, म्हणून सविस्तर सांगते.

आम्ही पाच बायका दोन खोल्यांत राहतो. त्यातली एक मालकीण. घराची नाही, कार्डाची. इथे दवाखान्यात पाऊल टाकायचं तर सरकारी कार्ड लागतं. कार्ड असलं की या बसा, नसलं की तू कोण, कुठली, कधी आलीस आणि अजून का आहेस. आमच्यात कार्ड हिच्या एकटीकडे. लग्न करून रीतसर आली होती. नवरा पळाला, कागद राहिले. नवरा गेला आणि कागद राहिले, इतकी नशीबवान बाई मी दुसरी पाहिली नाही. शाळेत झाडलोट करते. मनाने मोठी आहे. कुणाला नाही म्हणत नाही आणि कुणाकडून काही घेत नाही. जिला काही दुखलंखुपलं ती तिचं कार्ड घेते आणि तिच्या नावाने दवाखान्यात जाते. कार्डावर फोटो आहे, पण केस मागे बांधलेली एक सावळी, घाबरलेली बाई, यापलीकडे त्यात काही कळत नाही. इथल्या लोकांना आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो, आणि काउंटरसमोर उभ्या राहिलो की घाबरलेल्या तर असतोच.

अडचण एवढीच, की दवाखान्याचा कॉम्प्युटर काही विसरत नाही. जी जाते तिचं दुखणं कार्डाला चिकटतं. मालकिणीला साखर आहे, ती मूळची. माझं मनगट रोलरमध्ये सापडून मोडलं, ते कार्डाचं मोडलं. आमच्यातली शिवणवाली, जी फाटक्या चादरींना टीप घालते, तिच्या दोन दाढा काढल्या, त्या कार्डाच्या गेल्या. मागच्या वर्षी तिच्याच पोटात गाठी झाल्या आणि गर्भपिशवी काढावी लागली. झालं, कार्डाचीही पिशवी गेली. एकदा एक डॉक्टर मला म्हणाला, "एवढ्या लहान वयात किती सोसलंत हो तुम्ही!" मी मान खाली घातली. सगळ्यांचं मिळून एकटीने सोसायचं म्हटल्यावर मान खाली जाणारच.

म्हणून जायच्या आधी स्वयंपाकघरात परीक्षा होते. मालकीण ओट्यावर पाय सोडून बसते आणि डॉक्टरसारखा आवाज काढते. जन्मतारीख? आईचं नाव? मनगट कुठलं? पिशवी कधी काढली? तुझ्या लेकीने काही दुखत नसताना सगळं पाठ केलंय. शाळेत पाढे म्हणताना कशी अडखळायची आठवतंय ना? इथे एकदाही अडखळली नाही. मालकीण म्हणाली, "ही माझ्यापेक्षा जास्त मी आहे."

तर तिला कोण बघणार याची काळजी करू नकोस. आणि उत्तर पाठव. चार ओळींनी तुझा हात झिजणार नाही.

तुझी धाकटी


२ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मीच लिहिते, मला मेलीला लाजच कमी.

ठमी बरी आहे. मध्ये जरा पोटाचं झालं होतं, म्हणजे विशेष काही नाही. तुला दुसरीकडून कळायला नको म्हणून लिहिते. आमच्यात एक फुंकलं की बातमी समुद्रापार जाते.

आठवडाभर तिचं खाण्यावरून मन उडालं होतं. मला वाटलं साबणाच्या वाफेने होतंय, मलाही सुरुवातीला व्हायचं. मग ओटीपोटात एका बाजूला दुखायला लागलं. दात आवळून काम करायची. मी म्हटलं, नाटकं पुरे, दवाखान्यात चल. तर नको नको. शेवटी कार्ड मागून घेतलं आणि तिला ओढतच नेली.

काउंटरवर कार्ड सरकवलं, आणि काही अडलं नाही. आत डॉक्टरीण होती, तरणीच, केस कापलेली, बोलायला गोड. ठमीला इथली भाषा येत नाही म्हणून सगळं मीच बोलले. मलाही चादरींपुरतीच येते, पण आजाराचे शब्द मी शिकून ठेवलेत. पहिल्यांदा बोटाला टोचून साखर बघितली. ती निघाली अगदी छान. डॉक्टरीण खूश झाली, म्हणाली, "तुम्ही फार चांगलं पथ्य पाळताय." मी म्हटलं, "हो, मीच करून घालते ना." ठमीला काही कळलं नाही, पण मी हसले म्हणून तीही हसली.

मग पाळी कधी आली ते विचारायला तोंड उघडलं, आणि कॉम्प्युटरकडे बघून स्वतःच म्हणाली, "अरे हो, तुमची पिशवी तर काढलेली आहे." मी लगेच म्हटलं, "हो, काढली. मागच्या वर्षी." तारीखसुद्धा सांगितली. मालकीण असती तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. मग डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, ॲसिडिटी आणि आतड्यांना सूज असं काहीतरी म्हणाल्या, गोळ्या दिल्या. परत दुखलं तर या, म्हणाल्या.

येताना ठमी गप्प होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही, मावशी. घरी गेल्यावर बोलू." घरी आल्यावर झोपली. दुसऱ्या दिवशी कामाला आली. मी तिला बसून घड्या घालायचं काम दिलंय, रोलरवर मी उभी राहते. बघ, मी किती कजाग मावशी आहे.

काळजी करण्यासारखं काही नाही. मुद्दाम दोनदा लिहिते, काळजी करण्यासारखं काही नाही.

तुझी धाकटी


५ एप्रिल, दुपार

ताई,

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. हा कागद लॉन्ड्रीतला आहे, मागे शिक्का आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस. तिला आत नेलं आहे. दार बंद आहे. मला नुसतं बसवत नाही.

मागच्या पत्रात मी तुला धड काही सांगितलं नव्हतं. आता सांगते. ऐकून मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण आधी ऐक.

ठमीचं एकाशी जमलं होतं. फरशा बसवतो. आमच्यासारखाच, कागद नसलेला. मुलगा वाईट नाही, दुसऱ्या शहरात काम लागलं म्हणून गेला. मला माहीत होतं. तुला कळवलं असतं तर तू माझ्या नावाने खडे फोडले असतेस, म्हणून कळवलं नाही.

आज सकाळी रोलरपाशी ती एकदम वाकली. मी म्हटलं, "काय गं?" तिने चादर हातात धरूनच खाली बसकण मारली. चेहरा पांढराफटक. घाम एवढा की कपाळावर केस चिकटले. शिवणवाली धावली, मी धावले. कुणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन करायला लागलं तसा मुकादम आला. वाईट माणूस नाही तो, आमची नावं कुठेच लावलेली नाहीत एवढंच. तो हात जोडून म्हणाला, "इथे नको. मागच्या गेटबाहेर न्या आणि मग फोन करा. गाडी आत आली तर सगळ्याच जाल." ताई, तो बरोबर बोलत होता. सगळ्याच गेलो असतो. आम्ही तिला उचलून ओल्या चादरींच्या ढकलगाडीत घातली. गाडीचं एक चाक अडकतं. अख्खी लॉन्ड्री पार करून मागच्या गेटपर्यंत आम्ही तिला त्या अडकणाऱ्या गाडीतून ढकलत नेली, आणि प्रत्येक धक्क्याला ती "आई" म्हणत होती.

गेटबाहेर गाडीची वाट बघताना तिने माझा हात धरला. म्हणाली, "मावशी, मला दिवस गेलेत. त्या दिवशी सांगणार होते."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला. त्या दिवशी डॉक्टरीण पिशवीचं बोलली तेव्हा ठमीला शब्द कळले नव्हते, पण तिने आपलं पोट दाखवून "मावशी..." असं म्हटलं होतं. मी टेबलाखालून तिला चिमटा काढला. दवाखान्यात आपल्या भाषेत कुजबुजायचं नाही, संशय येतो, असा आमचा नियम आहे. मी दुसऱ्या बाईची पिशवी काढल्याची तारीख फडाफड सांगत होते आणि पोर बाजूला गप्प बसली होती. घरी येऊन सांगणार होती, तर सगळ्याजणी होत्या म्हणून लाजली. मग गोळीने थोडं बरं वाटलं म्हणून राहिलं.

ॲम्ब्युलन्स आली. कार्ड त्या दिवसापासून माझ्याच पिशवीत होतं, ते मी काउंटरवर दिलं. परत तेच कार्ड, ताई. दुसरं काय देणार होते? कार्ड नाही म्हटलं तर दारातूनच परत पाठवतील, किंवा पोलीस बोलावतील, हे इथे आल्यापासून ऐकत आले आहे. नर्सने कॉम्प्युटर बघून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. साखर, मनगट, दाढा, पिशवी काढलेली. डॉक्टर, हा दुसरा, मोठा, म्हणाला मग आतडं बघा, ॲपेंडिक्स बघा. आणि मी उभी होते. ती सगळं वाचून संपेपर्यंत मी तोंडात गुळणी धरून उभी होते. डोळ्यांसमोर मालकीण येत होती, शिवणवाली येत होती, आमच्या दोन खोल्या येत होत्या.

मग ठमीचे डोळे फिरले आणि मी ओरडले. म्हटलं, "पिशवी आहे! काढलेली नाही. दिवस गेलेत तिला!" इथल्या भाषेत म्हटलं का आपल्या, ते आठवत नाही. पण डॉक्टरला कळलं. त्याने माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या नजरेचं मी तुला काही सांगत नाही. मग सगळे पळत सुटले.

दार अजून बंद आहे. शिवणवाली पाणी घेऊन आली आहे. तू आत्ता काय करत असशील? तिथे संध्याकाळ झाली असेल. देवासमोर बसली असशील तर उठू नकोस.


६ एप्रिल

ताई,

गेली ती.

काल संध्याकाळीच गेली. मी लिहिलं नाही कारण जोवर लिहीत नव्हते तोवर तुझ्याकडे ती होती.

डॉक्टर बाहेर आला, टोपी काढली. म्हणाला, गर्भ पिशवीत नव्हता, नळीत वाढत होता. नळी फुटली. पोटात सगळं रक्त साठलं होतं. मग म्हणाला, "चार-पाच दिवसांपूर्वी नुसती लघवी तपासली असती तरी कळलं असतं. पिशवी नाही म्हटल्यावर कोण तपासणार?" तो रागाने नाही बोलला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. आणि निघता निघता थांबून त्याने मला विचारलं, "मी कोणाचं ऑपरेशन केलं?"



तो फरशीवाला आला आहे. दवाखान्यासमोरच्या रस्त्यापलीकडे उभा आहे. गेटवर पहारेकरी आहे म्हणून आत येत नाही. शिवणवालीने जाऊन त्याला सांगितलं. तो तिथेच फूटपाथवर बसला. मला त्याला शिव्या घालायच्या होत्या. जमलं नाही. तोही तिच्याच वयाचा आहे.

तुला फोन करायला हवा. फोन हातात घेते आणि परत खाली ठेवते. शेजारच्या वहिनींना सांगितलं आहे, त्या तुझ्याजवळ येऊन बसतील. हे भ्याडपणाचं आहे, मला माहीत आहे.


९ एप्रिल

ताई,

वहिनींनी सांगितलं, तू पाणीही घेत नाहीस, आणि माझं नाव घरात काढायचं नाही म्हणालीस. नको काढू. पण हे वाच, किंवा कुणाकडून वाचून घे, कारण यात ती घरी कशी येणार ते आहे.

दवाखान्यात एक समाजसेविका असते. पांढरे केस, पायात कापडी बूट, बोलण्यापेक्षा ऐकते जास्त. तिने मला खोलीत नेलं, दार लावून घेतलं. म्हणाली, "कार्डावरची बाई ही नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण अजून कुणी लिहिलेलं नाही. डॉक्टरांनी मला दोन दिवस दिलेत." मग तिने नीट समजावलं. मी गप्प बसले तर ठमी मालकिणीच्या नावाने गेली असं लागेल. मालकिणीला इथे कुणी नातेवाईक नाही, म्हणून दवाखानाच पुढचं सगळं उरकेल, इथेच, आणि तुझ्यापर्यंत काहीच येणार नाही. खरं सांगितलं तर तिला तिच्या नावाने घरी पाठवता येईल. पण मग नातेवाईक म्हणून मला पुढे यावं लागेल, माझे कागद मागतील, आणि मग मला धरून ठेवतील आणि परत पाठवतील. मालकिणीवर कार्ड वाटल्याबद्दल कारवाई होईल.

मी उठले तेव्हा तिने आणखी एक सांगितलं. न सांगती तर बरं झालं असतं. म्हणाली, जिवावर बेतलेलं माणूस दारात आलं तर इथे कार्ड मागता येत नाही. तसा कायदाच आहे. कुठल्याही नावाने, बिननावानेही, आत घ्यावंच लागतं. पोलिसांना कळवायचंही नसतं. मी विचारलं, "मग हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही?" ती म्हणाली, "बाहेर भिंतीवर लावलेलं आहे." मी बाहेर जाऊन बघितलं. आहे लावलेलं. इथल्या भाषेत, बारीक अक्षरात, पाण्याच्या नळाच्या वर. त्या नळावर मी किती वेळा बाटली भरली असेल.

घरी गेले तर सगळ्या जागच्या जागी बसलेल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शिवणवाली मला म्हणाली, "मी काय सांगू तुला? माझी पिशवी निघाली म्हणून तुझी पोर गेली." मी म्हटलं, "गप बस, तुझा काही संबंध नाही." तर ती उठून माझ्या गळ्यातच पडली. आणि तीच थोड्या वेळाने म्हणाली, "पण तू बोललीस तर आपण सगळ्याच संपलो गं." दोन्ही खरं होतं, ताई.

मग मालकीण बोलली. इतका वेळ ती ओट्याजवळ उभी आहे एवढंच मी बघितलं होतं. म्हणाली, "माझं नाव राहू दे तिला. मी मेले असं लागलं तर कुणाचं काय जातं? मला विचारणारं कोण आहे? तुम्ही सगळ्या तरी राहाल." मी म्हटलं, "आणि तुझी साखर? मेलेल्या बाईला इंजेक्शन कोण देणार?" ती म्हणाली, "बघू. कमी खाईन." कमी खाईन म्हणाली, ताई. आणि खरंच देत होती. लोक शेजाऱ्याला वाटीभर साखर देताना विचार करतात, ही बाई आपलं मरण देऊन टाकत होती.

मी रात्रभर हो म्हणायचं ठरवत होते. तुला खोटं लिहून काय उपयोग? मला परत यायचं नाही. तिथे माझं काय आहे? तू दारात उभी करणार नाहीस, नवऱ्याचं घर कधीच सुटलं. इथे दोन खोल्या आहेत, काम आहे, मला नावाने ओळखणाऱ्या तीन बायका आहेत. ठमी तर गेलीच. कुठल्या नावाने गेली याने तिला आता काय फरक पडतो, असं मी स्वतःला समजावत होते. जवळजवळ समजले होते.

पण एक गोष्ट मी तुला अजून सांगितलेली नाही. कुणालाच सांगितलेली नाही.

त्या दिवशी तिला ऑपरेशनला न्यायच्या आधी थोडा वेळ मला तिच्याजवळ उभी राहू दिलं होतं. तिची शुद्ध जात होती. नर्स मला म्हणाली, "बोलत राहा तिच्याशी. नावाने हाक मारा. झोपू देऊ नका." नर्स माझ्या शेजारीच उभी होती, हातात ते कार्ड घेऊन. आणि मी, ताई, मालकिणीच्या नावाने हाका मारल्या. पिशवी आहे म्हणून ओरडले होते, दिवस गेलेत म्हणून ओरडले होते, तरी नाव मात्र मी कार्डावरचंच घेतलं. गालावर थापट्या मारत, कानाशी तोंड नेऊन, परत परत, दुसऱ्याच बाईचं नाव. तिने मान जरा वळवली. कुणाला बोलावतायत ते बघत असावी. मग डोळे मिटले. तुझ्या लेकीने शेवटचं ऐकलं ते दुसऱ्या बाईचं नाव होतं, आणि ते माझ्या तोंडून.

सकाळी मी मालकिणीला उठवलं. म्हटलं, "तुझं नाव मला देता येणार नाही." कारण सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. तोंड धुतलं, केस बांधले, म्हणाली, "चल, मीही येते. कार्ड माझं आहे, मी वाटलं, मीच सांगते." शिवणवाली आणि पाचवी, जी म्हातारे सांभाळते, दोघींनी आपापली बोचकी बांधली. त्या कुठे गेल्या ते मी विचारलं नाही. माहीत नसलेलं कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही.

समाजसेविकेसमोर मी सगळं सांगितलं. नाव विचारलं, तू ठेवलेलं पूर्ण नाव सांगितलं. आईचं नाव विचारलं, तुझं सांगितलं. नातं विचारलं, तर मावशीला इथल्या भाषेत वेगळा शब्द नाही. मी म्हटलं, आईची धाकटी बहीण. मालकीण माझ्या शेजारच्या खुर्चीत ताठ बसली होती. तिचं कार्ड त्यांनी ठेवून घेतलं. तिचं पुढे काय होईल ते अजून कुणाला माहीत नाही. इंजेक्शनं हातातली आहेत तेवढी आहेत. समाजसेविका म्हणाली, प्रयत्न करते. ती म्हणते तेव्हा करत असेल, पण मालकिणीने जाताना माझा हात हातात घेऊन फक्त म्हटलं, "पोरीला नीट घेऊन जा."

ठमी बुधवारी निघेल. दूतावासातून तुला फोन येईल, भावोजींना उचलायला सांग. विमानतळावर दोन पुरुष माणसं लागतील. मला त्याच विमानाने पाठवतील की नंतर, ते ठरलेलं नाही. मी आले तर तुझ्या दारात येणार नाही, त्याची धास्ती घेऊ नकोस. तू मला क्षमा कर असं मी लिहिणार नाही. मला तसं तोंड नाही.

आज दुपारी ओळख पटवायला मला खाली नेलं, तळघरात. बरोबर पोलीस होता, तो दाराशी थांबला. माणसाने कप्पा ओढला, कापड बाजूला केलं. तिचा चेहरा चांगला आहे, ताई, तू बघू शकशील. केस कुणीतरी नीट केले आहेत. माणसाने हातातला कागद बघून विचारलं, "हीच का?" मी वाकून तिच्या कानाशी गेले आणि तिला तिच्या नावाने हाक मारली. मग पुन्हा मारली, मोठ्याने, त्या पोलिसाला ऐकू जाईल अशी.